फळीमागची तारीख

पिशोर,
४ फेब्रुवारी १९५४

चि. बद्रीनाथ यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

नर्सिंग शिकायला अर्ज करतेय. बाई पंचविशीच्या आतली हवी म्हणे. माझ्या शाळेचं दफ्तर रझाकारीत जळालं, म्हणून जन्मतारीख तहसिलीत शपथेवर सांगायचीय. आई म्हणते टोळधाडीच्या साली झालीस, मामा म्हणतात पुराच्या. कुणाचं धरू?

आबा रेल्वेत सुतार होते. डब्याची फळी ठोकण्याआधी मागं तारीख लिहायची त्यांची रीत, आणि माझा जन्मही त्यांनी असाच लिहिलाय, असं आई सांगते. आता तूही त्याच यार्डात आहेस. तेवढं शोध. मी विधवा झाले म्हणून जन्मभर तुमच्या चुलीपाशी बसायचं नाही मला.

लोभ आहेच, तो वाढव.
सरू

औरंगाबाद स्टेशन,
२० फेब्रुवारी

ती. अक्कास,
बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

आबांच्या हातचे तीन डबे अजून इथं आहेत, सगळे निजामाच्या अमलातले. पहिल्या वर्गाचे थर्ड झाले, लढाईत पलटणीला दिले, आता रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या लोकांना राहायला आम्ही त्यात चुली बसवतोय. दर वेळी रंग नवा, नंबर नवा. कुठला डबा कोणता, हे मुकादमालाही सांगता येत नाही.

परवा फळ्या काढताना आबांचं अक्षर दिसलं: ‘सरू झाली. १२ मार्च १९२६.’ म्हणजे तू अठ्ठाविसाव्यात, अर्ज बाद! पण काल दुसऱ्या डब्यात पुन्हा तेच अक्षर: ‘सरू झाली. ३ ऑगस्ट १९३१.’ अक्का, माणूस दोनदा कसं जन्मतं? आबा तर पीतही नव्हते. माझं डोकं चालेना. चिडलीस की तू साठीची वाटतेस, ते वेगळंच. आईला विचार. पुढच्या आठवड्यात फळ्या परत ठोकायच्यात.

माया असू द्यावी.
बद्रीनाथ

पिशोर,
२४ फेब्रुवारी

चि. बद्रीनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. मग म्हणाली, की टोळधाडीच्या सालची सरू येगळी व्हती, लई हसरी, सात महिन्यांची होऊन गेली. मी झाले तेव्हा आबांनी तिचंच नाव मला ठेवलं. सत्तावीस वर्षं आईनं हे पोटात ठेवलं. इतकी वर्षं ती सरू म्हणून हाक कुणाला मारत होती, मला कळेनासं झालंय. राग आलाय की रडू, तेही नीट सांगता येत नाही.

अर्जावर १९३१ लिहिलं. शपथ खरी होईल.

दोघींवर लोभ असू दे.
सरू

ता. क. आईचा निरोप: पहिलीची फळी होती तिथंच बसव, पण खिळा अक्षरावर येऊ देऊ नकोस.