कालकुपीतला हूक

बाई,

तुमची पेटी निघाली. पंचवीस वर्षांनी उघडायची म्हणून आपण ती पुरली होती. तिला दोन वर्षं उशीर झाला, कारण नेमकी कुठे पुरली ते शाळेत आता कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळेतून मला अधूनमधून फोन येतो. बहुतेक वेळा देणगीत पंखे हवे असतात. या वेळी जागा हवी होती. मी सांगितलं, पाण्याच्या टाकीला पाठ लावा आणि कंपाउंडच्या भिंतीकडे आठ पावलं चाला. नवे मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, तुमची मेमरी भारी आहे हो." मेमरी कसली? ती जागा मी एकदा नाही, दोनदा खणताना पाहिली आहे.

पत्रा गंजला होता, पण आतून तुम्ही मेणकापड लावून घेतलं होतं, त्यामुळे बरंच काही शाबूत होतं. आत्ताची मुलं भोवती उकिडवी बसली होती. एकाने कॅसेट उचलून उलटसुलट केली आणि मला विचारलं, "काका, इसको चार्जिंग किधर से करते थे?" एसटीडी बूथची पावती पार कोरी झाली होती. जॅमच्या बाटलीतल्या मिठाचा दगड झाला होता. आणि तळाशी, घडी घातलेला एक ड्रॉइंगचा कागद. त्यावर पेन्सिलीने गिरवलेला एक हूक, आणि खाली माझं सातवीतलं अक्षर. तिथल्या तरुण सरांनी विचारलं, "हे कोणाचं?" मी म्हटलं, माझं, आणि विषय बदलला. धंद्यात विषय बदलायची सवय लागते. पण घरी आलो तरी कागद डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे तुम्ही मध्येच थांबवून माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणार नाही, एवढा फायदा आहे.

तो तास मला अजून ऐकू येतो. माझे कान पहिल्यापासून तिखट, वर्गात कोण कुठे कुजबुजतंय ते मान न वळवता कळायचं. तुम्ही पुस्तक मिटता आणि म्हणता, "कोणता राजा कधी गादीवर बसला ते तुम्ही पोपटासारखं सांगता. ह्या शाळेच्या आधी इथे काय होतं, ते सांगा बघू." आम्ही सगळे कुठून कुठून आलेले. कोणाचे वडील परळहून फ्लॅट घेऊन आलेले, कोणाचे साताऱ्याहून पोटासाठी. एकजण म्हणाला, "बाई, दुसरी बिल्डिंग असेल." तेव्हा तळवलीहून येणारा, कधी तोंड न उघडणारा मुलगा उभा राहिला. "बाई, इथं भरतीचा पानी येवाचा. आमचे आजाचं मिठागर व्हतं." पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. त्याला पुढे बोलावलंत, खडू हातात दिलात आणि मिठागराचे बांध फळ्यावर काढायला लावलेत. पूर्ण तास तोच शिकवत होता.

त्याच दिवशी तुम्ही फळ्यावर 'कालकुपी' असं लिहिलंत. प्रत्येकाने घरातून एक जुनी वस्तू आणायची. सोबत चिठ्ठी: कोणाची, कोण वापरायचं, कशासाठी. आजच्या चार गोष्टीही त्यात टाकायच्या आणि सगळं पेटीत घालून पुरायचं. "जी मुलं ही पेटी उघडतील, त्यांच्यासाठी तुम्हीच इतिहास," तुम्ही म्हणालात. मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे बाई, आपण मेलेले असू?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाही रे, तुझं टक्कल पडलेलं असेल." माझं पडलं आहे. त्याचंही पडलं आहे, परवा भेटला होता.

पोरांनी काय काय आणलं. अडकित्ता, कंदील, पणजीचं नथीचं डबडं. तळवलीवाल्याने कागदाच्या पुडीत मीठ आणलं आणि तुम्ही ते बाटलीत भरलंत, बाकीच्या वस्तू गंजू नयेत म्हणून. आमच्या कोपरखैरण्याच्या एका खोलीत मात्र जुनं असं काहीच नव्हतं. होता फक्त वडिलांचा हूक. माझे वडील दाणाबाजारात माथाडी. गव्हा-तांदळाची पोती गाडीतून गाळ्यात आणि गाळ्यातून गाडीत. पोत्यात रुतवून ओढायचा तो लोखंडी हूक माझ्या आजोबांचा, बाजार वाशीला यायच्या आधी मशीद बंदरला वापरलेला. लाकडी मूठ घामाने काळी पडलेली. शाळेत मी वडिलांबद्दल कधी खोटं बोललो नव्हतो. "मार्केटमध्ये असतात," एवढंच सांगायचो. वाशीत गाळ्याचा मालकही मार्केटमध्येच असतो. आपण खरं बोलायचं आणि ऐकणाऱ्याला चुकू द्यायचं, हे मला बाराव्या वर्षीच छान जमत होतं.

वडील तापाने दोन दिवस घरी पडून होते. हूक दारामागच्या पिशवीत होता. मी तो दप्तरात टाकला. वडील दुसरा घेतील, लोखंडाचा तुकडा तर आहे, असा माझा हिशेब. वर्गात माझी पाळी आली तेव्हा मात्र मी पहिल्यांदा सरळसरळ खोटं बोललो. "हे माझ्या खापरपणजोबांचं हत्यार. लढाईत घोडेस्वाराला खाली ओढायचं." वर्गात श्वास रोखलेला मला ऐकू आला. मी साताऱ्याकडचा मुलगा, त्यामुळे कोणाला संशय नाही. तुम्ही हूक हातात घेतलात, मुठीवरून अंगठा फिरवलात.

"कुठली लढाई?"

"ते चिठ्ठीत लिहितो, बाई."

"लिही. सविस्तर लिही."

मी सविस्तर लिहिलं. शनिवारी पाहुणे आले, पेटीला लाखेचा शिक्का लागला, फोटो निघाला, पेटी खड्ड्यात गेली.

सोमवारी संध्याकाळी मी भाताच्या कुकरपाशी अभ्यास करत बसलोय, आणि दारात वडील आईशी बोलताहेत.

"हूक गेला."

"गेला म्हंजी? ठिवला आसंल कुठंतरी."

"खिळ्यावर ठिवला हुता. दुसरं कोन घील? त्योच म्हनायचा, तू मेलास की हूक माझा."

आईने कुकर उतरवला. मग म्हणाली, "आवं, भावासारखा ऱ्हायलाय त्यो तुमच्यासंगं. चेष्टंत म्हनायचा."

"मंग हूक काय चालत गेला?"

त्यो म्हणजे वडिलांचे जोडीदार, शेजारच्या गावचे. मी त्यांना काका म्हणायचो. तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती, बाई. माथाड्यांच्या टोळीतल्या सगळ्यांचे हूक काम नसलं की गाळ्याच्या भिंतीवरच्या खिळ्यांना ओळीने लटकतात. नाव नाही, कुलूप नाही. माणूस महिनाभर गावी गेला तरी त्याच्या हुकाला दुसरा हात लावत नाही. त्या भिंतीवरून हूक जाणं म्हणजे टोळीत चोर असणं. तापात वडिलांना आठवत नव्हतं की हूक त्यांनी घरी आणला होता. त्यांनी त्या दुपारी सगळ्या टोळीसमोर काकांवर आळ घेतला. काकांनी वाद घातला नाही. स्वतःचा हूक काढला, वडिलांच्या पायाशी ठेवला, "ह्यो पन घे" म्हणाले आणि दुसऱ्या टोळीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या नळापाशी मी तुम्हाला गाठलं आणि सगळं ओकलो.

"म्हणजे हत्यार नव्हतं?" तुम्ही विचारलंत.

"नाही, बाई."

"माहीत आहे मला. मुठीच्या खाचेत तागाचे धागे होते. दर वर्षी गहू भरायला मी मार्केटलाच जाते रे, मेल्या."

"मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"म्हटलं, मोठेपणी स्वतःच उघडेल, स्वतःच वाचेल. तेवढी शिक्षा पुरे होती. आता नाही पुरायची."

शाळा सुटल्यावर तुम्ही शिपाईमामांना कुदळ आणायला सांगितलीत. ते घुटमळले. "बाई, मोठ्या सरांना विचारलंत काय?" तुम्ही म्हणालात, "विचारलं तर नाही म्हणतील. मग नाही म्हटल्यावर उघडली असं होईल. त्यापेक्षा हे बरं." लाख फुटल्याचा आवाज सुपारी फुटल्यासारखा आला. तुम्ही हूक आणि माझी चिठ्ठी काढलीत, आणि आपण बसने वाशीला गेलो. बसमध्ये तुम्ही एवढंच विचारलंत, "आधी कोणाकडे जायचं?" मी म्हटलं, वडिलांकडे. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "चोर कोणाला म्हटलं गेलं?"

म्हणून आधी काकांकडे. दाणाबाजारात तुम्ही पदर खोचून हातगाड्यांतून वाट काढत चालला आहात, आणि बाजूला व्हा, बाई आहेत, असं कोणीतरी ओरडतंय. काका पोत्यांच्या थप्पीला टेकून चहा पीत होते. मी हूक पुढे धरला. काय झालं ते सांगताना मी तीनदा अडखळलो. तुम्ही म्हणालात, "आता चिठ्ठी वाच. मोठ्याने." मी वाचली. खापरपणजोबा, घाट, घोडेस्वार, सगळं. एकेक करून आजूबाजूचे हमाल गोळा झाले होते. काकांनी कप खाली ठेवला. "आरं, तुज्या आज्यानं घोडा बघितला त्यो वरातीत. आन त्यो बी दुसऱ्याच्या." सगळे हसले. मागे वडील येऊन उभे होते, ते हसले नाहीत.

"बघ, तुजा सरदार आलाय," काका त्यांना म्हणाले.

वडिलांनी माफी मागितली नाही. त्यांच्यात तसं बोलायची रीत नव्हती. त्यांनी आपल्या पिशवीतून काकांचा हूक काढला, कालपासून तो त्यांच्याकडेच होता, आणि आपल्या टोळीच्या भिंतीकडे चालत जाऊन स्वतःच्या खिळ्याशेजारच्या खिळ्याला लावला. काका ते बघत राहिले. मग उठले. "च्या थंड झाला ह्यो," म्हणाले. "तिकडंच दुसरा सांगा. बाईंना पन."

वडील तुम्हाला म्हणाले, "पोरगं चुकलं, बाई." तुम्ही म्हणालात, "त्याचं बघते मी. ह्या हुकाने खरं काय केलं, ते तुम्ही सांगा. हा लिहून घेईल, तुमच्याच शब्दांत." पोत्यावर कागद ठेवून मी लिहू लागलो. वडील इतकं सलग बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "ह्यानं लढाई न्हाई केली," ते म्हणाले. "ह्यानं दोन बहिनींची लग्नं केली. गावची हीर खांदली. ह्या पोराचा आजा म्हातारपनी पोत्याखाली आला, तवाबी ह्यो हातातच हुता, सोडवून घ्यावा लागला." मला हे काहीच माहीत नव्हतं. आमच्याच खोलीत, दारामागे ती पिशवी लटकत होती. तुम्ही कागदावर हूक आडवा ठेवलात आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवलीत. पेटीत कागद जाईल, हूक कामावर जाईल, असं म्हणालात.

दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा पुरली, पण तुटलेला शिक्का लपला नाही. पुढे महिन्याभरात आमचा इतिहास दुसऱ्या सरांकडे गेला आणि तुम्ही दुसरीच्या वर्गावर गेलात, निवृत्तीपर्यंत. पोरं विचारायची तेव्हा तुम्ही सांगायचात, "मला लहान मुलं आवडतात." तळवलीवाला म्हणाला होता, "बाईंशिवाय इतिहास निस्ता सनावळ्या हाय." सरांच्या तासाला मीही नुसत्या सनावळ्या लिहून घेतल्या.

मी पुढे टेम्पोवर राहिलो, मग टेम्पो घेतला, आता द्रोणागिरीला माझी दोन गोदामं आहेत. पहिल्या गोदामाचे पेढे घेऊन तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? तुम्ही गोदामात हमाल किती, त्यांना बसायला जागा आहे का, हे विचारलंत. पेटीचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही काढला नाही. तुम्हाला वाटलं असेल की तुमची बदली का झाली ते ह्याला कळलं नाही.

कळलं होतं, बाई. तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे मी तिलाही पाठवणार नाही. मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावलं, तेव्हा मी ऑफिसच्या दाराबाहेर होतो. पाहुण्यांच्या हातचा शिक्का कोणाच्या परवानगीने तोडला, हे त्यांनी तीनदा विचारलं. तुम्ही तिन्ही वेळा म्हणालात, "पेटीतल्या वस्तूंच्या यादीत माझीच चूक झाली होती, ती सुधारायला उघडली." दार नुसतं लोटलेलं होतं. आत जाऊन चार वाक्यं बोललो असतो तर तुमचा वर्ग कदाचित राहिला असता. पण मग त्यांनी वडिलांना शाळेत बोलावलं असतं, आणि वडील बाजारातून तसेच, डोक्याला फडकं बांधून, सगळ्या पोरांदेखत वर्गावरून चालत आले असते. पोत्यावर कागद ठेवून ते सगळं लिहून घेतल्याला तीनच दिवस झाले होते. तरीही मी आत आलो नाही.