कोऱ्या लायसनचा मुराळी

नाही भाऊजी, ती गाडी खटारा नव्हती. फोनवर तुमी हे तीनदा म्हतलं, अन् तीनही वेळा मागून तुमच्या आईचा, माणिकबाईंचा, हुंकार ऐकू आला. म्हणून या वेळी फोन नाही. कागद लिहून राहिलो, अन् तोही घरच्या नाही, तुमच्या कृषी केंद्राच्या पत्त्यावर. तर जीवनभाऊजींले गांधीधामहून नितेशचा नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? (खताच्या बॅगा सोता उचलत नका जाऊ, माणूस कायले ठेवला मग?) माणिकबाईंच्या गुडघ्याले दंडवत. ताईचे पाय सुजून राहिले असं आई सांगत होती, तिले खाटेवर पाय वर करून बसू देत जा. माझं विचाराल तर लाकडाच्या वखारीत दिवसभर भुसा नाकात जाते, खोकलो की फळी पडल्यासारखा आवाज येते. बाकी बरं आहे. (बरं नाही, पण कागदात असंच लिहितात.)

तर खटारा. तुमच्या लग्नात माणिकबाईंनी भर मांडवात म्हतलं होतं, नवरीचा भाऊ फटफटीवर आला, जन्मभर फटफटीवरच फिरणार. ते मले टोचलं. म्हणून ताईले पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायची वेळ आली अन् बाबा म्हणाले, मुराळी म्हणून तुलेच जा लागते, तेव्हा मी म्हतलं जातो, पण सोता कार चालवत जातो. ड्रायव्हर करून बहिणीले आणायले जाणारा भाऊ म्हणजे जेवाले बसून घास दुसऱ्याच्या हातानं खाणारा. हे मी इथून निघायच्या आधी सगळ्या वखारीले सांगून बसलो. तीच चूक.

अकोल्यात आमच्या जुन्या शहरात गजेंद्र म्हणून एक पोट्टा दोन गाड्या भाड्यानं देते. गाडी त्याची, चालवायची आपण. त्यानं माह्या लायसनचा नंबर मोबाइलमधी टाकला अन् त्याचं तोंड उतरत गेलं, एक्सरे पाहताना डॉक्टरचं उतरते तसं. "अकरा चलान आहेत बावा," तो म्हणे, "अन् लायसन तीन महिने बंद." मंग लग्नात आहेर पुकारतात तसे त्यानं एकेक पुकारले. पाच गांधीधामचे. ते माझे, कबूल. (एकात तर मी पोलिसालेच रस्ता विचारला, उलट्या बाजूनं येऊन.) उरलेले सहा अमरावतीचे. पंचवटी चौक, सिग्नल तोडला. राजकमल चौक, मागे बसलेल्या बाईच्या डोक्यावर हेल्मेट नाही. छत्री तलावाचा रस्ता, पुन्हा तीच बाई, पुन्हा हेल्मेट नाही. मी बोटांवर तारखा मोजल्या. त्या सहाही दिवशी मी इथं गांधीधामले फळ्या उचलून राहिलो होतो. सोबत आलेले शेजारचे पंजाबराव माह्याकडे पाहून म्हणाले, "अमरावतीले कवा गेलता रे तू? अन् बाई कोन?" मी मान खाली घातली. म्हतलं, जातो कधी कधी.

मंग पंजाबरावांनी बंडीच्या खिशातून आपलं लायसन काढलं. १९८४ साली जीप घ्यायची म्हणून काढलेलं. जीप काही झाली नाही, पण लायसन ते दर वेळी नवं करून घेतात, कारण तेवढ्यापुरता कोणी त्यांचा फोटो काढते. चलान एकही नाही. असणार कसं? चाळीस वर्षांत बुड्यानं स्टेअरिंगले हात लावला नाही. गजेंद्र म्हणे, इतकं कोरं लायसन मी पायलंच नाही, अन् दोन्ही हातांनी किल्ली दिली. अट एकच, ज्याचं लायसन त्यानंच चालवाची.

सकाळी नवाले निघालो. तुमचं अंजनगाव सुर्जी काही लांब नाही, पण दुसऱ्या गिअरच्या वर पंजाबरावांचा विश्वास नाही. ट्रॅक्टर पुढे गेला. त्याची ट्रॉलीही गेली. एक सायकलवाला बराच वेळ सोबत चालला, आमच्या घरचं सगळं विचारून झालं तसा कंटाळून तोही पुढे गेला. अकोटले जेवण झालं अन् ते गाडीतच झोपले, किल्ली छातीवर ठेवून. उठवलं तर एक डोळा उघडून म्हणाले, "लायसन कोनाचं हाय?" मी रुमालानं त्यांच्यावरच्या माश्या वारत बसलो.

पुढचं तुमी पायलंच. आमी पोचलो तेव्हा दारात दिवा लागला होता. माणिकबाई म्हणाल्या, "दोन जिवांची सून मी दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर काढत नाही. उद्या अवस. परवा आठवा लागते, आठव्यात कोणी नेते का?" रीत त्यांचीच बरोबर, मी काय बोलणार? तुमी त्यांच्या मागे उभे होते. तुमी एकच बोलले, गाडी खटारा दिसते. ताई सकाळपासून बॅग भरून बसली होती. ती बॅग उचलून आत घेऊन गेली. कोणी हात लावला नाही, मीही नाही. परतताना मागच्या सीटवर आईनं ताईसाठी दिलेली उशी एकटीच बसून आली. दुसऱ्या दिवशी आईनं ती उन्हात टाकली, तिच्यावर कोणी टेकलं नव्हतं तरी.

आता पंधरा दिवसांत नववा लागते. मले सुट्टी नाही, अन् लायसनही नाही. पंजाबराव पुन्हा तयार आहेत, त्याचंच भेव आहे.

तुमचा साळा,
नितेश

ता. क. नववा लागला की मुराळी तुमीच व्हा. नवऱ्यानं बायकोले माहेरी पोचवावं ही रीत नाही, ठाऊक आहे. माणिकबाईंले म्हणा, अकोल्याहून बियाणं आणायचं आहे, जाता जाता सोडतो. गजेंद्रले सांगून ठेवलं. त्याले कोरं लायसन पायजे, अन् तुमचं कोरं आहे.

आणखी एक. ते कोरं आहे हे मले कसं ठाऊक म्हणाल, तर तुमच्या साखरपुड्यानंतर माही फटफटी अमरावतीले तुमच्या तेव्हाच्या खोलीवर होती अन् माह्या लायसनचं कार्ड तिच्या डिक्कीत. ताई तेव्हा तिथंच नर्सिंग शिकून राहिली होती. सहा तारखा, सहाही रविवार. तुमचं लायसन तेव्हा तुमच्या आईच्या कपाटात कुलपात होतं, म्हणून त्याले डाग नाही. दाढी आपली सारखी आहे, पोलिसाचा तरी काय दोष? मी रागावलो नाही. त्या दिवसांत ताई फोनवर लय हसत जाय. सहाही चलान मी भरून टाकले. माणिकबाईंले सांगतलं नाही. अजून.

शेवटचं. गाडीचं एका दिवसाचं भाडं तुमच्या मोबाइलवर टाकून राहिलो. सकाळी लवकर निघा, आई उशी घेऊन दारात बसन. रुपये अठराशे.