घरगाडीतून सुमनच्या गावाकडे

११ डिसेंबर १९८२, जवाहरनगर
गाडीला आज शेवटचा हात. आत दोन बाजूंना फळ्यांच्या खाटा, मधे स्टोव्ह, पाण्याचा पिंप साखळीनं बांधलेला, खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे. रिटायर झाल्यावर यांनी मिलिटरीची जुनी अँब्युलन्स लिलावात घेतली तेव्हा क्वार्टरची सगळी लाइन हसली होती. जन्मभर फॅक्टरीत फिटर, अन् आता घरी बसवत नाही, म्हणाले. आता पोरं तिला "घरगाडी" म्हणतात. यांना आवडतं ते. दाखवत नाहीत.
महिनाअखेर क्वार्टर सोडायचं, यांच्या गावी जायचं. त्याआधी एक चक्कर मारून येऊ म्हणतात. कुठं?
"आसगावकडचे तलाव पाहू. हिवाळ्यात पाखरं येतात म्हणे तिकडं."
पाखरं! जन्मात यांनी पाखरासाठी मान वर केली नाही.
आमची लेक सुमन तिकडेच राहते. मी बोलले नाही. बोलले असते तर बेत मोडला असता.

१३ डिसें.
निघालो. अड्याळच्या अलीकडे फॅनबेल्ट तुटला, बॉनेटमधून वाफच वाफ. बांधायला नायलॉन पाहिजे म्हणून यांनी माझी ट्रंक उघडली. नेमकं तळाचं निळं पातळ हाती आलं.
"ते नका घेऊ."
"कायले? दोन बोटं काठ पाहिजे फक्त."
"सुमनचं आहे."
तीन वर्षांत पहिल्यांदा ते नाव यांच्यासमोर मोठ्यानं घेतलं. हात थांबला. मग मी माझं वापरातलं नायलॉन काढून दिलं. टराटरा फाडलं, तीन पदरी वेणी घातली, पुलीवरून घेऊन गाठ मारली. चाललो हळूहळू, बैलगाड्या पुढं जात होत्या.
ट्रंक लावताना मी पाहिलं. निळ्या पातळाची घडी विसकटली होती, ती यांनी उपड्या हातानं चापून नीट केली. बोटांना तेल होतं ना, म्हणून उपड्या.

१४ डिसें., चिंचेखाली
रेडिएटर गळतो. पाणी ओतावं की खाली थेंब थेंब.
"हळदीचा डबा दे."
अख्खा डबा ओतला आत! फुगून भोक बुजते म्हणे, ट्रकवाले करतात. अन् खरंच थांबलं. आता भाजी पांढरीफटक. सुमन असती तर म्हणाली असती, "बाबूजी, गाडीचं लगन लावून राहिले का?" असं बोलणं तिचंच.
तिच्या अंगाला हळद लागलीच नाही. भंडाऱ्याच्या कचेरीत दोन हार, दोन साक्षीदार. आम्ही धानाच्या शेतीवाले, तिचा धनराज ढीवर, तलावात मासे धरणारा. हे दारात उभे राहून म्हणाले, पुन्हा या घरात पाय ठेवायचा नाही. नाही ठेवला तिनं. यांचीच पोर.
क्वार्टर सुटलं की तिला आमचा नवा पत्ताही माहीत असणार नाही. कधी आलीच परत, तर दार दुसरंच कोणी उघडेल. हे मनातून जात नाही.

१५ डिसें., कोंढा
मागचं चाक बसलं. ट्यूब व्हॉल्व्हपाशीच फाटली, चकती बसेना. स्टेपनी आधीच गेलेली. शेजारच्या खळ्यावर धानाची मळणी चालली होती, तिथून हे तनसीचे, धानाच्या पेंढ्याचे, भारे घेऊन आले आणि टायरमध्ये कोंबायला बसले. मूठमूठभर, काठीनं ठासून. खळ्यावरची म्हातारी कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.
"काहून जी, गाडीले बी तनीस चारून राहिले का?"
"चारावं लागते बाई. बैलापेक्षा जास्त खाते."
हसले. खरंखुरं, खांदे हलवून. किती दिवसांनी ऐकलं ते हसू.
म्हातारीनं विचारलं, कुठं चालले? हे पुन्हा तनसीत डोकं घालून बसले. मीच म्हटलं, पुढं, आसगावकडं. लेक आहे का तिकडं? मी मान हलवली. यांना दिसली नसावी.

१६ डिसें., कोंढा
अजून इथंच. टायर कालच झाला. आज ग्रीस, मग बॅटरी पुसणं, मग दाराची बिजागरी, जी मुळीच कुरकुरत नव्हती. दुपारी मला राहवलं नाही.
"पाखरं उडून जातील हो."
पाना खाली ठेवला. माझ्याकडे नाही, रस्त्याकडे पाहत बोलले.
"एक आताच सांगून ठेवतो. त्या घरचं मी पानी बी पेणार नाही. आपलं घर आपल्यासंगं आहे. आपला भात, आपलं पानी, आपली खाट. पाहू, अन् येऊ."
तर असं आहे. सहा महिने ठोकठोक चालली ती यासाठी. खाटा, स्टोव्ह, पिंप, सगळं तिच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन उंबरा न ओलांडण्यासाठी. मी पडदे शिवून देत होते बावळटासारखी.
फार राग आला. भाकरी थापताना मात्र वाटलं, ज्याला जायचंच नाही तो माणूस एवढा खटाटोप कशाला करेल?

१८ डिसें.
आसगाव मागं टाकलं. पुढं बैलबंडीची वाट. तलावाच्या पाळीशी, बांधापाशी, एका खड्ड्यात गाडी आदळली, मागून कडाड् आवाज, आणि एका बाजूनं बसलीच. मागच्या चाकावरच्या कमानीचा, स्प्रिंगचा, पाटा सरकला म्हणतात. बाभळीचं लाकूड घालून दोरानं करकचून बांधलं, तेवढ्यावर रखडत पाळीच्या पायथ्याशी आणली. आता इथून हलणार नाही.
तलावापलीकडे घरं दिसतात, पंधरा-वीस. चुलींचा धूर. यातलं कोणतं? हे तिकडे पाठ करून गाडीखाली शिरले.
मासळीची टोपली घेऊन एक बाई आली. "कोनाकडं आले जी?"
खालून आवाज, "कोनाकडंच नाही. पाखरं पाहाले आलो."
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सुमनची आई आहे मी."
बाईनं टोपली तिथंच ठेवली, आणि आल्या पावली पाळीवरून पळत गेली.

नंतर. आज लिहवत नाही.

१९ डिसें.
काल सुमन आली. साडी वर खोचलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, तशीच. काळवंडली आहे. खांदे रुंद झाल्यासारखे वाटले. मी हात धरला तिचा, तो सोडवेना. बोललो काय ते आठवतही नाही. जेवलीस का, असं काहीतरी.
यांचे पाय गाडीखालून बाहेर होते. हलले नाहीत. बाहेरही आले नाहीत.
सुमन त्या पायांकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. मग पदर कमरेला खोचला, जमिनीवर आडवी झाली, आणि सरपटत आत गेली.
मला फक्त चार तळपाय दिसत होते. आतलं ऐकू येत होतं.
"सेंटर बोल्ट तुटला, बाबूजी."
पाना लोखंडावर खणखणला.
"दिसते मले."
"पाना द्या इकडं. मी खालून धरते, तुमी फिरवा."
"असा नाही. उलटा धर... हां. असा."
मी चाकाला टेकून बसले. फॅक्टरीतून आल्यावर हे शेजाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करत, तेव्हा ही फ्रॉक घालून मांडीशी बसायची. शाळेचा अभ्यास टाकून. मी किती ओरडायचे.
बाहेर आले तेव्हा दोघांच्या कपाळाला काळं. एकमेकांकडे पाहिलं नाही. हे चाकाला म्हणाले, "बोल्ट भेटन का आसगावले?"
"लोहाराकडं भेटन."
मग ती म्हणाली, "घरी चला."
यांनी हात पुसले. पुसतच राहिले. "गाडी सोडून कसं येऊ."
तिनं आग्रह केला नाही. मी पातळ दिलं. घडी न मोडता ते छातीशी धरून गेली, पाळीवरून, मागं न पाहता. यांनी पाहिलं. शेवटच्या वळणापर्यंत पाहिलं. नंतर गाडीतच भात शिजवला आम्ही. दोघांनीही ताटं सारली.

२० डिसें.
सकाळी धनराज आला. इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. सडसडीत, कान मोठे. सायकल दूर लावली, चपला तिथंच काढल्या.
"रामराम जी."
यांनी मान हलवली. न हलवल्यासारखी.
"बोल्ट आनाले जाऊन राहिलो. पन माप मले नाही समजनार. तुमी चला संगं."
(सुमनकडून नंतर कळलं, तलावावरचा पाण्याचा पंप तो एकटा खोलतो आणि जोडतो. माप समजणार नाही म्हणे!)
हे सायकलकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. मी स्टोव्हला पिन मारत बसले. थोड्या वेळानं तुटक्या बोल्टाचे तुकडे चिंधीत गुंडाळले आणि कॅरिअरवर जाऊन बसले. दोन्ही पाय एका बाजूला, नव्या नवरीसारखे.
पाळीवर सायकल डगमगली. यांनी धनराजचा खांदा धरला. सोडला. पुढं पुन्हा डगमगली, पुन्हा धरला. मग झाडं आली मधे, दिसलं नाही.
मी सुमनच्या घरी आले. मला कोणी अडवलं नव्हतं, मीच आजवर... असो. अंगण सारवलेलं, कुडावर जाळं वाळत घातलेलं. पाणी प्यायले. दोनदा मागून प्यायले. तिनं केस विंचरायला माझ्यापुढं पाठ केली, लहानपणी करायची तशी, आणि मी फणी फिरवत राहिले. पाठ हलत होती तिची.
उन्हं कलली. लोहाराकडं एवढा वेळ लागतो का? मघा पाळीकडून घंटी ऐकू आली म्हणून दोघी उठून बाहेर गेलो. गुरं होती, घरी परतणारी.
चुलीवर आधण ठेवलं आहे. मी पायरीवर बसून हे लिहिते आहे. सुमन सुपात तांदूळ घेऊन दारात उभी आहे.
"आई, किती जनाचा टाकू?"
पुन्हा विचारते आहे. आधणाला उकळी फुटली, मी अजून सांगितलं नाही.