मोहाखालचे दगड

पळसबोडी उद्यान, ता. चिमूर
१४ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप ताईस, रोशनचा जोहार. वि. वि.

इथी मोबाइलले टॉवर नाई, म्हणून पत्र. मालगुजाराच्या जुन्या ढोरांच्या फार्मवर निसर्ग उद्यान झालं, अन् तुहा भाऊ त्याचा सुपरवायझर! ढोरं बसत तिथी तंबू, बोडीच्या पाण्यात नावा, अन् झाडावरून झाडावर तारेनं लटकत जायचं. दाजीले लटकवतोच एकदा. तार तेवढी जाड पाहून ठेवतो.

पण खरी वाहवा माह्या शेकोटीची. मोहाच्या झाडाखाली दगडांचा मोठा ढीग पडून होता. मजूर हात लावेनात. आपल्या गावचे म्हातारे रामाजी तर म्हणे, बापू, तू तरी नको उचलू. कामचोरांले निमित्तच लागते! मंग मीच वाहून आणले अन् शेकोटीभोवती गोल रचले. पाहुणे त्याच्यावर बसून गाणे म्हणतात. फोटो सोबत आहे, मागं तो मोहही दिसते.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा रोशन

सिरोंचा
२१ जानेवारी

चि. रोशनास, ताईचे आशीर्वाद.

अरे देवा, काय करून बसला तू! फोटो पाहून हातातलं ताटच पडलं. तो मोह माह्या ओळखीचा रे. तो ढीग आपल्या आईचा होता.

आई तापानं नाई गेली. फार्मची ढोरं चारायले गेली अन् त्या मोहाखाली वाघानं मारली. अशा जागी येणारा-जाणारा एकेक दगड ठेवते, हे का तुले सांगावं लागते? तू एवढासा होता, झोपेत दचकायचा. बाबानं साऱ्या गावाले शपथ घातली, पोराले सांगू नका म्हणून. बाबा गेले, तरी आम्ही गप्पच.

तुह्यावर रागावू का आमच्यावर, काई सुचत नाई. आईच्या दगडावर बसून गाणे! आधी ते पाहुणे उठव. मंग मले शिव्या दे.

तुही ललिताताई

पळसबोडी
१ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस, जोहार.

तुहं पत्र फोडलं तवा शेकोटी पेटली होती. मी दगडावरच बसलो होतो, ताई. मंग बादलीभर पाणी ओतलं. पाहुणे ओरडले, मॅनेजर धावत आला, हे काय म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, हे माही आई आहे. त्यानंच मंग पाहुण्यांले तंबूत नेलं.

सकाळी मजूर न बोलावता आले. सगळ्यांनी मिळून दगड मोहाखाली नेले. रामाजी रडत होते, शपथेपायी तोंड उघडता आलं नाई म्हणे. तुम्हा साऱ्यांचा राग येऊन राह्यला मले, लपवत नाई.

ढीग झाला, सगळे मागं सरले. रामाजीनं एक नवा दगड माह्या हातात दिला. रस्त्यानं जाणाऱ्या परक्यांनी आईले दगड ठेवला होता, ताई. माहाच तेवढा राह्यला होता.

रागात आहो, तरी तुहाच,
रोशन