चेंडू बोटभर हलला

दिल्ली, १२ फेब्रुवारी १९८३

चि. चांगुणा हिस,
थोरल्या भावाचा स. जयभीम व अ. आ.

तुझं पत्र पोचलं. नांदेडहून लातूरला बदली होऊन तू नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बसलीस, म्हणजे आपल्या घरात सावलीत बसून पगार घेणारी तू पहिलीच. चहा आपल्या हातानं करून पिऊ नकोस, शिपायाला सांगायची सवय लाव.

माझी खबर अशी, की पुढच्या महिन्यात आमच्या क्लबात गोल्फची देशातली मोठी स्पर्धा आहे. धंदेवाईक खेळाडू जपानापासून विलायतेपर्यंतचे येणार. डॉसन नावाच्या ऑस्ट्रेलियाच्या साहेबाची काठ्यांची पिशवी मी उचलणार. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून अकरा वर्षं झाली, पण असा तालेवार खेळाडू कधी वाट्याला आला नव्हता. त्याला फटका मारता येतो, पण इथला वारा आणि जमिनीचा उतार कळत नाही. तो मी सांगायचा. जिंकलो तर पुढं मलेशियाला, जपानला सोबत नेईन म्हणाला. पासपोर्ट काढलाय. फोटोत मी मास्तरांनी बाकावर उभं केल्यासारखा दिसतो.

एक गोष्ट आपल्या बाला सांगू नकोस. इथल्या गवताला सकाळ-संध्याकाळ पाणी देतात.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझा दादा,
नरसिंग

लातूर, २४ फेब्रुवारी १९८३

ती. दादास,
चांगुणाचा सा. जयभीम वि. वि.

तुझा खेळ कचेरीतल्या एकाकडून समजून घेतला, लई विचित्र वाटला. चार दिवस, रोज अठरा भोकं, आणि ज्यानं कमीत कमी फटके मारले तो जिंकला! हाणायचं कमी आणि चालायचं जास्त. असा खेळ आपल्या गावात कुणी खेळणार न्हाई.

गवताचं बाला सांगितलं नाही, मायला सांगितलं, म्हणजे गावालाच सांगितल्यासारखं. मायनं विचारलंय, ते गवत निदान म्हशी तरी खातात का.

गावाला दोन दिवसाआड टँकर येतो आणि वरच्या आळीत उभा राहतो. आपल्या वस्तीचा नंबर लागेपर्यंत तळाचा गाळ उरतो. कचेरीत टँकरची फाईल माझ्याकडंच आहे, पण तिच्यात नुसतं गावाचं नाव असतं. पाणी आधी कुणाच्या घागरीत पडावं ते कागदाला ठाऊक नसतं. गेल्या खेपेला वरच्या आळीतल्या कुणीतरी मायची घागर पायानं बाजूला सारली. बा भांडायला गेले, तर पाइप धरणाऱ्या पंचाक्षरीनं त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं.

तरी बा जोरात आहेत. तू विमानात बसणार ही बातमी त्यांनी औशाच्या बाजारापर्यंत पोचवलीय. आता हरून आलास तर औशामार्गे येऊ नकोस.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
चांगुणा

दिल्ली, १६ मार्च १९८३

चि. चांगुणास,
अ. आ.

स्पर्धा रविवारी संपली. जे झालं ते सरळ लिहितो.

तीन दिवस आम्ही झकास खेळलो. चौथ्या दिवशी दोनच भोकं उरली, तेव्हा डॉसनसाहेब आणि एक जपानी बरोबरीत होते. सतराव्याला साहेबाचा चेंडू झाडीत गेला. मी आधी पोचलो, वाळल्या पाल्यात पायानं चाचपत होतो, आणि माझ्या बुटाला चेंडू लागला. बोटभर हलला. साहेब शंभर पावलं मागं, पंच पल्याड, लोक दोरीच्या बाहेर. कुणीच बघितलं नव्हतं.

पिशवी उचलणाऱ्याच्या पायानं चेंडू हलला तर खेळाडूच्या नावावर एक फटका चढतो, असा नियम आहे. चेंडू गुपचूप जागेवर ठेवायला मी वाकलो, पण हात न लावताच उभा राहिलो. साहेब आल्यावर सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पंचाला हात केला.

एका फटक्यानं हरलो.

साहेब मला जे बोलला ते तुला लिहिण्यासारखं नाही, आणि अर्धं मला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. मी हॉटेलच्या फाटकाशी उभा होतो, गाडी थांबली नाही.

बाला जमेल तसं सांग.
तुझा,
नरसिंग

लातूर, २८ मार्च १९८३

ती. दादास,
सा. जयभीम वि. वि.

जमेल तसं सांगायची सोयच राहिली नाही. रविवारी गावी गेले, तर बानं पत्र ऐकायला माणसं गोळा करून ठेवली होती. त्यांच्या हिशेबानं तू जिंकलाच होतास. वरच्या आळीचे शेषेराव पाटीलसुद्धा येऊन बसले होते. वाचता वाचता मी अडखळले, तर बा म्हणाले, पुढं वाच, पुढं वाच. मग वाचलं.

बा उखडले. कुणी बघितलं न्हाई तर तोंड कशाला उघडलं, म्हणाले. आपले बा, दादा! आपल्याला खोटं बोललं म्हणून चिंचेच्या फोकानं मारणारे! मायचं म्हणणं, नरश्या लहानपणापासून पाय बघून टाकत न्हाई. शेषेराव इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि घरात त्यांना द्यायला घोटभर पाणी नव्हतं. जाताना म्हणाले, लिंबाजी, तुझं पोरगं लई येडं हाय.

मला विचारशील तर मी गप्प बसले असते. तुला खोटं कशाला लिहू.

रुसू नकोस, दोन ओळी तरी पाठव.
तुझी,
चांगुणा

दिल्ली, ९ एप्रिल १९८३

चि. चांगुणास,
अ. आ.

रुसलो नाही. इथं सगळे मला साक्षीदार म्हणतात. कुणाचा रुमाल हरवला तरी विचारतात, साक्षीदारा, काही बघितलंस का. महिनाभर मला नवशिक्यांच्याच पिशव्या मिळतात. ते चेंडू सोडून जमीन खणतात. त्यांच्यातले दोघं आपल्या गावी पाठवले तर विहीर होईल.

का बोललो ते मलाच नीट सांगता येत नाही. बोललो नसतो तर आता जपानात असतो आणि रोज तो पाला आठवला असता, एवढं कळतं. पण बाला म्हणावं, गप्प बसायला पाहिजे होतं असं मलाबी दिवसातून तीनदा वाटतं. पासपोर्ट ट्रंकेत तळाशी ठेवलाय.

मायला जप.
तुझा,
नरसिंग

लातूर, ३० एप्रिल १९८३

ती. दादास,
सा. जयभीम वि. वि.

बसून वाच. पंधरा दिवसांमागं टँकरवर मारामारी झाली. पंचाक्षरीनं मेहुण्याला चार घागरी जास्त दिल्या, वरच्या आळीतच दोन तट पडले आणि मधल्यामधी म्हाताऱ्या नागम्माच्या डोक्यात घागर बसली. ड्रायव्हर म्हणाला, आता या गावात गाडी आणणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं सगळं गाव जमलं. पाइप कुणी धरायचा? ज्याचं नाव निघे, त्याचे भाऊबंद लोकांना आठवत. शेवटी डोक्याला फडकं बांधलेली नागम्मा म्हणाली, लिंबाजीला बसवा, कुणी बघितलं नसलं तरी सांगायची त्यांच्या घराला खोड हाय. एकजण पुटपुटला, की त्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी म्हणजे... नागम्मानं त्याला पुढं बोलू दिलं नाही. तहान नसंल तर घरी जा, म्हणाली. शेषेरावांनी बराच वेळ मिशा ओढल्या आणि हाव, बसवा, म्हणाले.

आता पाइप बाच्या हातात. एक घागर वरच्या आळीची, एक आपल्या वस्तीची. शेषेरावांची सून आपल्या वस्तीतल्या केवळाबाईच्या मागं उभी असते. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या, आता पाइपाच्या धारेवर दोघी मिळून टीका करतात. पंचाक्षरी फुरंगटून लांब बसतो, पण घागर घेऊन येतो.

बानं तुला निरोप दिला नाही. पण भेटंल त्याला, आमचा नरसिंग म्हणून सुरुवात करून चेंडूची गोष्ट सांगतात. ती आता अशी झालीय, की आपण स्वतःच तुला बोलायला सांगितलं होतं. मी दुरुस्त करत नाही.

घरात मात्र हाल. परवा माय ओळीत दोन घागरी पुढं सरकली. बानं तिला सगळ्यांदेखत शेवटाला पाठवलं. घरी आल्यावर मायनं बाला भाकर वाढली, चटणी वाढली, आणि पाण्याचा तांब्या उचलून स्वतःजवळ ठेवला. म्हणाली, खा गुमान, तुमचा नंबर आला की देते.

सुट्टी काढून ये, आणि औशामार्गेच ये. जीव आहे तसाच असू दे.
तुझी धाकटी,
चांगुणा