भट्टीवाल्याचं म्हणणं

ता. २ नोव्हेंबर

चि. सौ. छोटीस, दादाचे भरभरून आशीर्वाद.

आज जाग आली ती भट्टीच्या घुमण्यानं. काचकारखाना बंद होऊन जमाना झाला, तिथे आता गोदामं आहेत. पण माझे कान अजून कामावरून सुटलेले नाहीत. आठवतं ना, शाळेत गुरुजी कवितेला चाल लावून देत आणि खिडकीतून येणाऱ्या त्याच हुंकारात आपण सूर मिळवत असू?

आमचा रविवारचा चर्चेचा गट जोरात आहे. शिंपीणबाई दुकानातली मशीनं भिंतीला लावतात, आम्ही कापडाच्या गठ्ठ्यांवर बसतो. बायकांना मताचा हक्क कसा मिळाला, यावर भांडून झालं. आता पाळी आपल्याच काचकारखान्याच्या संपाची, आणि बोलणार मी. त्या संपाच्या घोषणा माझ्या, शाळेतल्या कवितांच्या चालींवर बसवलेल्या. संप योग्य होता, हे मला आजच्या पोरांसमोर एकदा ठणकावून सांगायचं आहे. माझ्यामागे सांगायला कोण उरणार?

अडलंय एका नियमावर. नियम गट चालवणाऱ्या नर्सबाईंचा: ज्याच्या विरोधात बोलायचं, त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, आणि असं, की त्यानं स्वतः बरोबर म्हणून मान हलवली पाहिजे. तोवर आपलं तोंड बंद. त्यांनी विचारलं, संप मोडून कामावर कोण गेलं होतं? म्हटलं, माझा मेहुणा, भट्टीवर होता तो. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच मालक.

मी मांडलं की तो बढतीसाठी गेला. नर्सबाई म्हणाल्या, यावर ते मान हलवतील का? तेव्हा तुझ्या भट्टीवाल्याला जरा विचार, फाटकातून आत का गेला होता. संपानंतर त्यानं माझा उंबरा ओलांडलेला नाही, हे तुला नव्यानं काय सांगू. बहुधा मला पोचवायलाच येईल.

गुडघ्याला शेक देत जा. माझ्या मायेत कसर नाही, तुझ्याही नसावी.

— दादा

ता. ९ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे कान कामावर आहेत म्हणतोस, जीभ मात्र अजून संपावरून उतरलेली नाही.

यांना विचारलं. जेवताना हात थांबला, म्हणाले, त्याला काय करायचंय. संपलं. दोन दिवसांनी स्वतःच विचारलं, तिथे खरंच समोरच्याचं म्हणणं आधी मांडतात? हो म्हटलं. तर म्हणाले, तुझ्या दादाला नाही जमायचं, त्याला चालीशिवाय बोलता येत नाही. हे मात्र खरं हं.

मला यांच्या वतीनं मान हलवायला सांगू नकोस. इतकी वर्षं तुम्हा दोघांच्या मधे उभी राहिले, तेवढं पुरे. यांची मान यांच्याच खांद्यावर आहे. एकच सांगते: संपाचं निघालं की तू फाटकाबद्दल बोलतोस. हे भट्टीबद्दल बोलतात. बघ काही सुचतंय का.

गुडघा तुझ्यापेक्षा शहाणा आहे, सांगितलेलं ऐकतो. रागावशील तेवढाच लोभही कर.

— तुझी छोटी

ता. १७ नोव्हेंबर

चि. सौ. छोटीस, आशीर्वाद, आणि या खेपेला थोडे जास्तच.

तुझी ती ओळ आठवडाभर डोक्यात घुमली. मी पॅकिंगला होतो, बाटल्या पेंढ्यात बांधायच्या. मी काम थांबवलं तर पेंढ्याचं काही बिघडत नव्हतं. भट्टीचं तसं नाही. मग आठवलं, संप मिटल्यावर मी पॅकिंगच्या खोलीत गेलो, तर बांधायला एकही नवी बाटली नव्हती. डोळ्यांनी बघितलं होतं, अर्थ कधी लावला नव्हता.

काल मी मांडलं ते असं. चाल न लावता:

‘मी भट्टीवाला. मागण्या मलाही मान्य होत्या. पण भट्टी विझली की आतली काच थिजते, विटा तडकतात, सगळी भट्टी नव्यानं बांधावी लागते. मालक ती बांधेलच असं नव्हतं. तुम्ही जिंकून परत आला असता, पण कशावर? मी मालकाला एक बाटली काढून दिली नाही. फक्त आच राखली.’

नर्सबाई म्हणाल्या, छान मांडलंत, पण मान कोण हलवणार? मला पुढचा रविवार दिलाय. तर छोटे, वरच्या ओळी त्याला वाचून दाखव आणि मान हलते का बघून कळव. संप योग्य होता, यावरून मी तसूभर हललेलो नाही. ते त्याला तोंडावर सांगायची माझी तयारी आहे. आधी त्याचं झालं पाहिजे, इतकंच.

लोभ दोघांनीही करावा, ही विनंती.

— दादा

ता. क. पाकिटावर तुझा पत्ता लिहीत होतो, तोच दार वाजलं. तुझा भट्टीवाला. हातात पिशवी, धाप लागलेली. तुला बाजारात जातो म्हणून सांगून निघालाय म्हणे, तेव्हा काळजी करू नकोस. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभा. म्हणतो, माझ्या नावावर काय मांडलंस ते आधी ऐकव, मग आत यायचं की नाही ते बघतो. चष्मा आणतो सांगून आत आलोय आणि हे खरडतोय. वाचायला हेच पत्र घेऊन दारात चाललो.