रस्त्यात मांडलेली खुर्ची

शिंपीणबाईला फोन करून विचारलंस म्हणे, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय का? मला का नाही विचारलंस? डोकं माझं, परिणाम माझा आणि चौकशी शेजारणीकडे! त्या बाईच्या पोटात कधी काही राहिलंय का? तिनं आधी मला सांगितलं, मग बेकरीवाल्याला सांगितलं, आणि दुपारी मी भाजी घ्यायला गेले तर भाजीवाला माझ्याकडे असा निरखून बघायला लागला, जणू मी आता सुट्टे पैसे खाईन. म्हातारी भर रस्त्यात खुर्ची टाकून बसली, एवढंच तुझ्या कानावर आलं, तेही इतक्या उशिरा. अर्धीच गोष्ट आली. अर्धी गोष्ट कच्च्या भातासारखी असते, पोटात दुखतं. म्हणून सगळी शिजवून पाठवतेय.

प्रिय धाकटे,

आता पंख्याखाली बस आणि नीट वाच. तुझी आई चौथी नापास, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर मी नुसतं 'रस्ता' म्हटलं की तुझं दूध उतू जातं आणि तू फोन ठेवतेस. वर्षभर बघतेय मी. सकाळी म्हटलं तरी उतू, संध्याकाळी म्हटलं तरी उतू. एवढं दूध घेतेस तरी कुणासाठी? पत्राचं तसं नाही. बाजूला ठेवलंस तरी ते तिथंच पडून राहतं, माझ्यासारखं.

भिंगरीला गाडीनं उडवलं तो दिवस मी इथे उगाळत बसणार नाही. तू होतीस, मी होते, पुरे झालं. बेकरीतून पाव घेऊन पोरगी परत येत होती, वळणावरून तो आला आणि थांबलासुद्धा नाही. पाय मोडला, जुळला. डॉक्टर म्हणाला, धावेल. मग तू तिला घेऊन गेलीस आणि जाताना दारात म्हणालीस, आई, या रस्त्यावर माझी मुलगी परत पाऊल ठेवणार नाही. तुझं खरं होतं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पोरगी गेली आणि रस्ता इथंच राहिला. उलटं व्हायला पाहिजे होतं.

तुला माहीत आहे, मोठ्या चौकातला सिग्नल चुकवायला सगळं गाव आपल्या रस्त्यात घुसतं. घुसलं की जे सुटतं ते पुलापर्यंत. आम्ही पालिकेत खेटे घातले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे. घेतली आणि कुठे ठेवली ते देव जाणे. बेकरीवाला म्हणाला, आजी, आणखी एखादा मेल्याशिवाय काही होत नसतं. मी म्हटलं, मग तू मर, तुझं वजन बरं आहे, नोंद ठळक होईल.

पुढे झालं असं. बेकरीच्या वर नवं बिऱ्हाड आलं. टेम्पोवाल्यानं त्यांचं आरशाचं कपाट उतरवून वळणावरच उभं केलं आणि चहाला गेला. मी खिडकीत होते. वळणावर आलेल्या गाडीवाल्याला आरशात समोरून गाडी येताना दिसायची, त्याचीच. जो तो करकचून ब्रेक लावायचा आणि मग मुंगीच्या पावलानं कपाटाला वळसा घालून जायचा. कपाट वर चढेपर्यंत आपला रस्ता माणसात होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्या लोकांना माणूस दिसत नाही, सामान दिसतं. माणूस बाजूला होईल असं त्यांना वाटतं. कपाट होणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

मी सरळ गादीवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात उसवलेले सोफे कायमचे तुंबलेले, आत शिरायला वाट नाही. मी म्हटलं, जागा नाही म्हणून रडतोस ना, मग दिवसा बाहेर काढ की! एक सोफा या बाजूला, जरा पुढे दुसरा त्या बाजूला, असे मांडले. गाड्या नागमोडी चालायला लागल्या. नागमोडी चालणाऱ्याला पळता येत नाही, हवं तर कुठल्याही दारुड्याला विचार. शिंपीणबाई तर सोफ्यावर बसून काजं करायला लागली. दोन दिवस असे सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं गाडीतून जाताना स्वतःचा सोफा ओळखला. दुरुस्तीला दिलेला सोफा भर रस्त्यात आणि त्यावर परकी बाई काजं करतेय! त्यानं तिथंच गादीवाल्याची आई-बहीण काढली आणि तसाच पालिकेत गेला. पोरीच्या पायाची तक्रार कित्येक महिने पोचली नाही. सोफ्याची दुसऱ्या दिवशी पोचली.

पालिकेची एक इंजिनीअरबाई आली. वयानं तुझ्यापेक्षा लहान, पायात पुरुषी बूट. मला वाटलं सोफे उचलून नेईल, म्हणून मी आधीच तोंड सोडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आजी, कल्पना बरोबर आहे, जागा चुकलीय. मी म्हटलं, चुकली कशी, गाड्या हळू झाल्या की नाही? ती सोफ्यामागे जाऊन उकिडवी बसली आणि तिथूनच म्हणाली, आजी, गाडी येते तिकडे उभ्या राहा आणि मी दिसते का सांगा. दिसली नाही. केसाचं टोकसुद्धा नाही. म्हणाली, आता समजा मी दुसरीतली मुलगी आहे आणि पलीकडे जायला निघालेय. मला काही समजायची गरज नव्हती. मी तो सोफा स्वतःच ओढायला लागले. गादीवाला धावत आला, म्हणाला, काकू, कंबर जाईल. जाऊ दे म्हटलं.

मग तिनं सांगितलं, अडथळा गुडघ्याएवढा पाहिजे, म्हणजे गाडीला अडेल आणि पोराला झाकणार नाही. तिनं वाळू भरलेले बुटके ड्रम आणून मांडले आणि बजावलं, हे तात्पुरतं आहे. महिनाभर बघू. जमलं तर पक्कं काम, लोकांनी ओरडा केला तर मला काढावं लागेल.

ओरडा केला तो खिळेसम्राटानं. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, तुझ्या लग्नात तीन वेळा जेवला तोच. त्याचं म्हणणं, माझा ट्रक वळत नाही, माल कुठे उतरवू? म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण ते सांगायचं सोडून ह्यानं काय करावं? पहाटे हमाल लावून सगळे ड्रम उचलले आणि गोदामामागे नेऊन रचले. सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले तर गाड्या तुरुंगातून सुटल्यासारख्या पळत होत्या. ड्रमच्या जागी नुसत्या वाळूच्या चकत्या उरलेल्या.

मी वर गेले, खुर्ची घेतली, वाटाण्याच्या शेंगांची परात घेतली आणि पहिल्या चकतीवर जाऊन बसले. हीच ती तुझी अर्धी गोष्ट. भीती वाटली का म्हणशील तर वाटली. खुर्चीखाली पाय लटलटत होते. म्हणून तर वाटाणे नेले होते. हाताला काम असलं की पायांना कुणी विचारत नाही. एक लांबलचक गाडी आली, थांबली, काच खाली झाली. म्हणाला, ओ आजी, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे? मी म्हटलं, हो, बापाचाच आहे. ह्या रस्त्याची खडी त्यानं फोडलीय. तुझ्या बापानं काय फोडलंय ते सांग, मग बघू. काच वर झाली. गाडी बाजूनं गेली, अगदी सून सासऱ्यासमोरून जावी तशी.

तेवढ्यात गादीवाला स्टूल घेऊन दुसऱ्या चकतीवर येऊन बसला. मग बेकरीवाला पावांचे ट्रे घेऊन. आणि शिंपीणबाईनं, तुला खोटं वाटेल, शिलाई मशीन उचलून आणलं आणि रस्त्यात बसून कुणाच्या तरी झंपरला बाही लावली. कितीही चहाडखोर असो, बाई मर्द आहे. खिळेसम्राट धावत आला, म्हणाला, काकू उठा, चार माणसांत लाज काढू नका. मी म्हटलं, लाज तुझी, मी कशाला काढू, जिथं असेल तिथं राहू दे. तू ड्रम आण. ड्रम हलवता येतो बाबा, म्हातारी हलवता येत नाही. आणि गंमत बघ, नेमका त्याचाच ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला, आमची रांग बघितली आणि म्हणाला, शेठ, राहू द्या ना. तुमच्या दुकानातून ट्रक मागे घेताना मी रोज जीव मुठीत धरून असतो, आज ही पहिली सकाळ, की कुणी मला ठोकायला आलं नाही. खिळेसम्राटाचं तोंड खिळा गिळल्यासारखं झालं.

इंजिनीअरबाई आली तेव्हा त्यानं ट्रकचं गाऱ्हाणं एकदाचं सांगितलं. तिनं दुकानाशेजारी माल उतरवायला जागा आखून दिली. एवढंच हवं होतं त्याला! ड्रम परत जागेवर आले, महिना निभला आणि पक्कं काम झालं. आता गिऱ्हाइकांना 'आमचा रस्ता' म्हणून दाखवतो. चालायचंच. जिंकलेल्या लढाईला काका-मामा फार असतात.

आता बघशील तर ओळखणार नाहीस. रस्त्याचं तोंड आवळलंय, फुटपाथ रुंद झालाय, आणि आपल्या दारापासून बेकरीपर्यंत अख्खा उंचवटा केलाय, फुटपाथच्या पातळीला. म्हणजे आता आपण रस्त्यात उतरायचं नाही, गाडीनं आपल्याकडे चढून यायचं, तेही हळू. फीत कापायला मोठे साहेब आले. त्यांची गाडी उंचवट्यावर बैलगाडीसारखी झाली तशा आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं त्यांच्यासाठी, त्यांनी हात जोडले. काल एक लंगडं कुत्रं रमतगमत पलीकडे चाललं होतं आणि बस थांबली होती. अख्खी बस! ड्रायव्हर तंबाखू मळत बसला होता. मी खिडकीतून बघितलं आणि खरं सांगते, मला माझाच हेवा वाटला.

आता मुद्द्याचं. जावईबापूंनी मला सांगितलंय, भिंगरी हल्ली कुठलाही रस्ता ओलांडत नाही. शाळा समोर आहे तरी गाडीतून सोडावी लागते. कडेला उभी राहते आणि मागे फिरते. हे तू मला वर्षभर सांगितलं नाहीस. त्यांच्यावर डाफरू नकोस, तू माझी चौकशी शेजारणीकडे केलीस, मी तुझी नवऱ्याकडे केली, फिटंफाट. तर उंचवट्यावर पांढरे पट्टे मारायला रंगारी आले, तेव्हा आपल्या दारापासला पहिला पट्टा मी त्यांना मारू दिला नाही. तिथे खुर्ची टाकली आणि बसले, सवय झालीय आता. इंजिनीअरबाई चिडली, म्हणाली, आजी, हत्ती गेला आणि शेपटावर कसल्या बसलात? मी कारण सांगितलं. ती बूट बघत राहिली आणि म्हणाली, सुट्टी लागेपर्यंत थांबते, पण सुट्टी संपायच्या आत तो मारलेला दिसला पाहिजे. रंगाचा डबा माझ्या पलंगाखाली आहे, ब्रश बेताचा घेतलाय, भिंगरीच्या मुठीत बसेल असा. पट्टा तिनं मारायचा, वाळू द्यायचा आणि त्यावरून चालत जाऊन पाव आणायचा. मी सोबत जाणार नाही. मी खुर्चीत बसून बघेन. नाही जमलं तर पाव मी आणीन, उद्या परत बघू, सुट्टी मोठी आहे. हे पत्र तुला लिहिलंय, पण तिला वाचून दाखव, शिव्या गाळू नकोस. आणि उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझं दूध उतू जाईल. जावईबापूंनीही नाही. 'येते' की 'येत नाही', एकच शब्द, पण तो भिंगरीनं लिहायचा, तिच्या हातानं.

तुझीच,
अजून ठिकाणावर डोकं असलेली आई